आधी कागद, मग राजीनामा

शंका-समाधान : परदेशातली नोकरी आणि मालक बदलणं

या वेळच्या पत्रांत देश वेगळे, कामं वेगळी, पण विचारणं एकच आहे. ज्या मालकाच्या नावावर व्हिसा मिळाला, त्या मालकाला सोडता येतं का? पहिलं आणि शेवटचं पत्र मेळघाटातल्या सेमाडोहचं आहे. ही दोन पत्रं मी मुद्दाम दोन टोकांना ठेवली आहेत. कारण शेवटी कळेल.

प्रश्न १. माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंग करून दोन वर्षांपूर्वी इंग्लंडला गेली. म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये नर्स आहे. करारात तास एक लिहिलेत, करून घेतात दुसरेच. दुसऱ्या ठिकाणी तिला बोलावणं आहे. पण मॅनेजर म्हणतो, नोकरी सोडली की दुसऱ्या दिवशी देश सोडावा लागेल. आमच्या गावात रेंजचा भरवसा नाही, टेकडीवर गेलो की फोन लागतो. ती विचारते, बाबा काय करू? मी तिला काय सांगू जी?
— एक वडील, सेमाडोह (ता. चिखलदरा)

उत्तर : काका, पुढच्या वेळी टेकडीवर गेलात की पहिलं वाक्य हेच सांगा, की नोकरी बदलता येते. मॅनेजर सांगतो ते खरं नाही. मात्र बदलण्याचा एक ठरलेला क्रम आहे आणि तो चुकला तर नुकसान मुलीचं होतं.

ब्रिटनचा ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसा आणि नर्स, डॉक्टर वगैरेंसाठी असलेला त्याचाच ‘हेल्थ अँड केअर वर्कर’ हा प्रकार एका मालकाशी आणि एका कामाशी जोडलेला असतो. मालक बदलला की जुना व्हिसा आपोआप नव्या मालकाकडे जात नाही. त्यासाठी नवा अर्ज करावा लागतो. पहिली पायरी नव्या मालकाची तपासणी. ब्रिटनचं गृहखातं परवानाधारक स्पॉन्सरची यादी सर्वांसाठी खुली ठेवतं. त्यात नव्या जागेचं नाव आहे का, ते मुलीनं स्वतः पाहावं. दुसरी पायरी ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’. हा कागद म्हणजे नव्या मालकानं दिलेला एक क्रमांक असतो. त्यात काम, पगार आणि रुजू होण्याची तारीख नोंदलेली असते. मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो वापरावा लागतो. तिसरी पायरी ऑनलाइन अर्ज, आणि तोही सध्याच्या व्हिसाची मुदत संपण्याआधी. चौथी पायरी थांबण्याची. देशातून केलेल्या अर्जाचा निकाल साधारण आठ आठवड्यांत येतो. तोवर ती जुन्या जागी काम करू शकते, नोटिशीचे दिवसही भरू शकते. नव्या जागी मात्र निकाल येईपर्यंत एक दिवसही काम करायचं नाही. राजीनामा शक्यतो निकाल हाती आल्यावरच द्यावा आणि रुजू होण्याची तारीख नोटिशीचे दिवस धरून ठरवून घ्यावी.

आणखी एक गोष्ट, ती तुमच्याच हातात आहे. तुमच्याकडे होळी म्हणजे वर्षाचा सण. मुलीनं यावं असं वाटणारच. पण अर्ज दिल्यानंतर निकालाआधी ती ब्रिटन सोडून बाहेर पडली, तर अर्ज मागे घेतला असं धरतात. त्या काळात घरून आग्रह करू नका. निकाल येऊ द्या, मग तिला बोलवा.

ती तिथल्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेली नर्स आहे, की हुद्दा ‘केअर वर्कर’ आहे, हेही तिला विचारा. घरी दोघींनाही ‘नर्स’च म्हणतात, कायद्यात मात्र मोठा फरक आहे. २२ जुलै २०२५ पासून केअर वर्करना परदेशातून नव्यानं बोलावणं ब्रिटननं बंद केलं. जे आधीपासून तिथं आहेत त्यांना देशात राहून मालक बदलण्याची सोय जुलै २०२८ पर्यंत ठेवली आहे. त्यांच्यासाठी एक चांगली गोष्टही आहे. ९ एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या केअर संस्थांना दुसऱ्या प्रकारच्या व्हिसावरचा माणूस घेण्याआधी, मालकाचा परवाना गेल्यानं अडकलेल्या देशातल्याच केअर वर्करमधून निवड करून पाहावी लागते. त्यासाठी विभागवार मदत केंद्रं आहेत. नोंदणी झालेल्या नर्सला केअर वर्करवरची ही बंदी लागूच नाही.

शेवटचं. तिथला व्हिसा आता ऑनलाइन खात्यात असतो. त्या खात्याला कुणाचा ई-मेल आणि कुणाचा फोन जोडलाय, ते तिनं आजच पाहावं. अनेकांच्या खात्याला एजंटचाच पत्ता असतो. मग सरकारचं पत्र एजंटकडे जातं आणि माणूस अंधारात राहतो.

प्रश्न २. मुलगा इंग्लंडमध्ये इंजिनिअर आहे. तीन वर्षांच्या आत सोडलं तर व्हिसाचा सगळा खर्च कंपनीला परत द्यायचा, असं करारात आहे. आकडा ऐकून छातीत धस्स झालं. एवढे पैसे द्यावेच लागतात का?
— एक आई, परतवाडा

उत्तर : ताई, त्या एका आकड्याचे तुकडे करायला मुलाला सांगा. कशाचे किती, ते कंपनीकडून लेखी मागावं. परदेशी माणूस ठेवल्याबद्दल कंपनी सरकारला ‘इमिग्रेशन स्किल्स चार्ज’ नावाची रक्कम भरते. मोठ्या कंपनीला ती वर्षाला हजार पौंडांहून जास्त पडते. ही रक्कम कामगाराकडून कोणत्याही वाटेनं वसूल करायला कायद्यानं बंदी आहे. स्पॉन्सर परवान्याची फी आणि सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपची फी हीसुद्धा ३१ डिसेंबर २०२४ पासून कामगाराच्या माथी मारता येत नाही. तसं केलं तर कंपनीचा परवाना धोक्यात येतो.

राहिलं मुलाच्या व्हिसाची स्वतःची फी, विमानाचं तिकीट, एखादं प्रशिक्षण. त्याबद्दल आधी लेखी करार असेल आणि रक्कम खऱ्या खर्चाइतकी असेल, तर ती मागता येऊ शकते. पण करारात लिहिलं म्हणून कुठलाही आकडा वसूल करता येत नाही. तिथं ‘एकास’ ही सरकारी मदतीवर चालणारी संस्था नोकरीतल्या तंट्यांबद्दल फुकट सल्ला देते. सही करण्याआधी किंवा पैसे भरण्याआधी मुलानं त्यांच्याशी बोलावं.

पगाराची अटही बघून घ्यावी. मालक बदलताना त्या दिवशीचे नियम लागतात. जुलै २०२५ पासून सर्वसाधारण किमान पगार वर्षाला ४१,७०० पौंड आहे. ज्यांचा हा व्हिसा ४ एप्रिल २०२४ च्या आधीपासून अखंड चालू आहे, त्यांना कमी मर्यादेची सवलत आहे. मुलाचा पहिला व्हिसा कोणत्या तारखेचा, यावर हजारो पौंडांचा फरक पडतो. ती तारीख काढून ठेवा.

प्रश्न ३. मोठा मुलगा अमेरिकेत एच-वन-बी वर, धाकटी सून ब्रिटनमध्ये. महिन्याभरात दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. दोघंही साठ दिवस आहेत म्हणतात. दोन्हीकडचा नियम सारखाच आहे का?
— निवृत्त शिक्षक, अकोला

उत्तर : सर, आकडा सारखा आहे, मोजणी वेगळी आहे. याच ठिकाणी हुशार माणसंही चुकतात.

अमेरिकेत साठ दिवस नोकरी संपल्यापासून मोजतात. कुणी पत्र पाठवत नाही, घड्याळ आपोआप सुरू होतं. त्याआधीच मुक्कामाची मुदत संपत असेल, तर ती आधीची तारीख धरायची. या दिवसांत नव्या कंपनीनं मुलासाठी अर्ज दाखल करायला हवा. २००० सालच्या कायद्यानुसार, नव्या कंपनीचा अर्ज नियमाप्रमाणे दाखल झाला की निकालाची वाट न पाहता तिथं काम सुरू करता येतं. म्हणजे ब्रिटनच्या अगदी उलट. ब्रिटनमधल्या मैत्रिणीचा सल्ला अमेरिकेतल्या मित्रानं ऐकू नये, तो याचसाठी. नोकरी मिळाली नाही, तर जोडीदाराच्या व्हिसावर किंवा पर्यटक म्हणून मुक्काम बदलण्याचा अर्जही साठ दिवसांच्या आतच करावा लागतो. मुदतीआधी कंपनीनं काढलं असेल, तर भारतात परतण्याचा वाजवी प्रवासखर्च देण्याची जबाबदारी कंपनीची आहे. हे फार थोडे जण मागतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एक लाख डॉलरच्या रकमेनं घराघरांत घबराट झाली. देशात राहून, मुक्काम कायदेशीर असताना कंपनी बदलणाऱ्यांना ती लागू नाही, असं तिथल्या इमिग्रेशन खात्यानं ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं. मात्र मुक्कामात खंड पडला आणि त्यामुळे देशातला बदल नाकारला गेला, तर ती रक्कम आड येऊ शकते. म्हणून साठावा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

ब्रिटनमध्ये नोकरी संपल्यावर मालकानं दहा कामाच्या दिवसांत गृहखात्याला कळवायचं असतं. पुढे गृहखातं व्हिसाची मुदत कमी केल्याचं पत्र पाठवतं आणि साधारण साठ दिवस त्या पत्रातल्या हिशेबानं मिळतात. व्हिसाचेच त्याहून कमी दिवस उरले असतील, तर तेवढेच. पत्र यायला वेळ लागला तर तो सूनबाईंचा फायदा आहे. पण पत्र आलं नाही म्हणजे कुणाला कळलं नाही, असं धरून बसू नये. मालकाचा परवाना रद्द झाला असेल तर दोष सूनबाईंचा नसतो. त्यामुळे नव्या स्पॉन्सरकडे अर्ज करताना तो कागद लपवू नये, सोबत जोडावा. दोन्ही मालकांकडची वर्षं कायमच्या मुक्कामाच्या हिशेबात धरली जातात. आजवर हा हिशेब पाच वर्षांचा होता. तो वाढवण्याची पावलं सरकारनं टाकली आहेत, तेव्हा अर्जाच्या दिवशीचा नियम पाहावा.

प्रश्न ४. भाऊ सौदीत वेल्डर आहे. चार महिने पगार नाही. पासपोर्ट मालकाजवळ. तो म्हणतो, पळून दुसऱ्या शहरात काम धरतो. तिथं पगार जास्त देतात.
— एक वाचक, अचलपूर

उत्तर : भाऊ, आजच निरोप द्या, पळायचं नाही. पळाला की मालक गैरहजेरीची तक्रार नोंदवतो, आणि हक्काचा पगार मागणारा तुमचा भाऊ एका दिवसात आरोपी होतो. पगार थकल्यानं त्याची बाजू आज भक्कम आहे. ती हातची जाऊ देऊ नका.

आखातात मालकाच्या परवानगीशिवाय हलता येत नाही, ही पूर्वीची गोष्ट बरीच बदलली आहे. कतारनं २०२० मध्ये मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. दोन वर्षांपर्यंत नोकरी झाली असेल तर एक महिन्याची नोटीस, त्याहून जास्त असेल तर दोन महिन्यांची. सौदीनं १४ मार्च २०२१ पासून, एक वर्ष पूर्ण झालेल्या खासगी कंपनीतल्या कामगाराला नोटीस देऊन मालकाच्या संमतीशिवाय बदली घेता येईल, असा नियम केला. ही बदली ‘किवा’ या सरकारी संकेतस्थळावर होते. सलग तीन महिने पगार दिला नाही किंवा इकामा (तिथला मुक्कामाचा परवाना) संपू दिला, तर वर्षाचीही अट राहत नाही. तुमच्या भावाचे चार महिने झाले आहेत. मात्र घरकाम करणारे आणि घरचे ड्रायव्हर यांना हे नियम जसेच्या तसे लागू नाहीत, हे दुसऱ्या वाचकांनी लक्षात ठेवावं.

पासपोर्ट मालकानं ठेवणं सौदीतही बेकायदा आहे. भावानं पगाराच्या नोंदी, बँकेचं स्टेटमेंट आणि इकाम्याचा फोटो काढून तुम्हाला पाठवावा. तुम्ही इथून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि त्यानं रियाधच्या भारतीय दूतावासाशी संपर्क करावा.

तुमच्या गावातून आणखी कुणी जायच्या तयारीत असेल तर त्याला इथंच थांबवून दोन गोष्टी तपासा. एजंट परवानाधारक आहे का, ते ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर दिसतं. परवानाधारक एजंटलाही कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ शिक्का असतो आणि सौदीसह अठरा देशांत कामाला जाताना त्यांना सरकारी मंजुरी लागते. पर्यटक व्हिसावर पाठवतो म्हणणारा माणूस त्या मंजुरीपासूनच नव्हे, तिच्यासोबतच्या १० लाखांच्या विम्यापासूनही तुम्हाला दूर नेत असतो.

प्रश्न ५. मी आयटीआय झालो आहे. महाराष्ट्र सरकारच्या जर्मनी योजनेसाठी भाषा शिकतोय. तिथला मालक पटला नाही तर?
— एक तरुण, अमरावती

उत्तर : जाण्याआधी विचारलंस हे फार चांगलं केलंस. २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, ती ही वाट. तिथं मुक्कामाच्या परवान्यासोबत बऱ्याचदा एक जोडपत्र देतात. त्यावर कोणत्या मालकाकडे, कोणतं काम, ते लिहिलेलं असतं. जर्मन शिकतो आहेसच, तर ते पान स्वतः वाच. त्यावर मालकाचं नाव असेल, तर बदलण्याआधी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाची मंजुरी लागते. विम्याच्या हप्त्यांसह नियमित नोकरीची दोन वर्षं झाली की रोजगार खात्याच्या संमतीची गरज उरत नाही आणि वाट मोकळी होते. पदवीधरांच्या ‘ब्ल्यू कार्ड’ला नियम सौम्य आहे. पहिल्या बारा महिन्यांत बदललं तर कळवायचं, कार्यालय तीस दिवसांपर्यंत ते तपासू शकतं.

एक नियम सगळ्यांना सारखा आहे. नोकरी मुदतीआधी संपली, तर दोन आठवड्यांच्या आत त्या कार्यालयाला स्वतः कळवायचं. लाज वाटते म्हणून गप्प राहणारी मुलं इथंच अडकतात.

प्रश्न ६. तुम्ही परदेशातलं सांगता. माझा भाऊ दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेला. मुकादमाकडून उचल घेतली होती. आता मजुरी कापतात, दुसरीकडे जातो म्हटलं तर आधी उचल फेड म्हणतात. त्याला कुठला व्हिसा आहे?
— एक तरुण, सेमाडोह

उत्तर : भाऊ, तुझं पत्र मी शेवटी ठेवलं, कारण वरच्या पाचही पत्रांचा गाभा तुझ्या पत्रात आहे. इंग्लंडमधल्या मॅनेजरची धमकी, कंपनीचा बाँड, सौदीतला पासपोर्ट आणि मुकादमाची उचल, या सगळ्यांचं काम एकच. माणूस दुसऱ्या मालकाकडे जाऊ नये. फरक इतकाच, की तुझ्या भावाच्या बाजूचा कायदा या सगळ्यांपेक्षा कडक आहे.

संविधानाच्या अनुच्छेद २३ नं वेठबिगारीला बंदी आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात वेठबिगारीची व्याख्या दिली आहे. कर्जापोटी किंवा आगाऊ रकमेपोटी ज्याचं दुसरीकडे काम धरण्याचं स्वातंत्र्य जातं, तो वेठबिगार. ज्याला किमान मजुरी मिळत नाही किंवा हवं तिथं जाता येत नाही, तोही. असं ठरलं की उचलीचं कर्ज कायद्यानं संपतं. ती वसूल करणं हाच गुन्हा ठरतो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि ही वेठबिगारी नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी उचल देणाऱ्यावर असते, मजुरावर नाही. किमान मजुरीपेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये, दिल्लीच्या एशियाड बांधकामांवरच्या मजुरांच्या प्रकरणात सांगितलं आहे.

सगळी उचल बेकायदा नसते. आगाऊ घेतलेली मजुरी ठरल्याप्रमाणे वळती होते आणि माणूस मोकळा असतो, तिथं तक्रार नाही. तुझ्या भावाला जाऊ देत नाहीत, हा मुद्दा आहे. भट्टी ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दे. उचल किती, तारीख कोणती, किती दिवस काम, किती मजुरी मिळाली, सोबत कोण कोण आहे, एवढं लिही. चौकशीत खरं ठरलं तर मुक्ती प्रमाणपत्र मिळतं. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत ३०,००० रुपयांपर्यंत तातडीची मदत आहे, ती या प्रमाणपत्राच्या आधारे मागता येते. वकिलाची काळजी करू नको. अनुसूचित जमातीच्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. भट्टीच्या मालकाशी एकट्यानं भांडायला मात्र जाऊ नको.

सहाही घरांना माझं एकच सांगणं आहे. परदेशातून किंवा भट्टीवरून लेकरू फोन करतं आणि म्हणतं, इथं राहवत नाही. तेव्हा आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो, ‘थोडं सहन कर’. तो शब्द आवरा. मालक बदलणं ही बेइमानी नाही. कामगाराचा तो हक्क आहे, आणि जिथं त्याला अटी आहेत तिथं त्या पूर्ण करायची वाटही आहे. तेव्हा ‘सहन कर’ म्हणण्याऐवजी विचारा, करार कुठं आहे, व्हिसाची तारीख कोणती, पगाराच्या स्लिपा कुणाकडे आहेत? त्यांच्या प्रती मागवा. फोन बिघडतो, रेंज जाते, म्हणून कागदावर छापून घरच्या पेटीत ठेवा. घर सेमाडोहला असो की अकोल्याला, माणूस अडचणीत आला की त्याच्या बाजूनं पहिली साक्ष त्या पेटीतला कागदच देतो.